सिरॅमिक कोटिंग: चार दिवस स्टुडिओत, एक वर्ष घरी

गडद निळ्या गाडीवर धूळ फार दिसते, पांढरी किंवा चंदेरी घ्या, असे २०२१ मध्ये ओळखीच्या प्रत्येकाने बाबांना सांगितले होते. बाबांनी निळीच घेतली, आणि तिच्यावर धूळ दिसू नये म्हणून रोज सकाळी फिरून आल्यावर पिवळ्या फलालीनच्या फडक्याने ती स्वतः पुसू लागले. तीन वर्षांनी, २०२४ च्या उन्हाळ्यात, एका रात्री पेट्रोल पंपाच्या प्रखर दिव्यांखाली गाडी उभी असताना माझे लक्ष बोनेटकडे गेले. प्रत्येक दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणावे तसे शेकडो बारीक, गोलाकार चरे उमटलेले होते. दिवसा सावलीत यातले काहीच दिसत नसे. रंग फक्त थोडा दुधाळ, दमल्यासारखा वाटे, आणि त्याचे कारण आम्ही गाडीच्या वयात शोधत होतो.

त्या चऱ्यांचा माग काढता काढता मी सिरॅमिक कोटिंगपर्यंत, म्हणजे गाडीच्या रंगावर चढवायच्या काचेसारख्या पारदर्शक संरक्षक थरापर्यंत पोहोचले, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते करून घेतले, आणि वर्ष उलटून गेल्यावर आज त्याविषयी लिहीत आहे. आधी मुद्दामच लिहिले नाही. असे कोटिंग करून देणाऱ्या स्टुडिओतून बाहेर पडलेली कोणतीही गाडी सुंदरच दिसते. त्या सौंदर्यातले टिकणारे किती, हे एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्याशिवाय कळत नाही.

कोटिंग समजून घेण्याआधी ते ज्याच्यावर बसते तो रंग समजून घ्यावा लागतो. कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर चढतो, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसणारा मूळ रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. हे सगळे मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १४० मायक्रॉनच्या आसपास भरते. डोक्यावरचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हा सगळा डोलारा किती पातळ आहे याची कल्पना यावी. त्यातला क्लिअर कोट तर ३५ ते ५० मायक्रॉनचाच. चकाकी त्याचीच, उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला जपतो तोच, आणि ओरखडे झेलतो तोही तोच. पॉलिश करणे म्हणजे हा थर घासून किंचित पातळ करणे होय, कारण चरा बुजवता येत नाही. त्याच्या भोवतालचा भाग त्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. एकदा घासलेला क्लिअर कोट पुन्हा रंगकाम केल्याशिवाय परत मिळत नाही. ही एक गोष्ट मला २०२१ मध्ये कोणी सांगितली असती, तर पुढचे बरेच टळले असते.

गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये ५,५०० रुपये देऊन आम्ही ‘टेफ्लॉन कोटिंग’ करून घेतले होते. विमा, रबरी मॅट, सीटची कव्हरे यांच्या यादीत तेही एका ओळीत होते, आणि नव्या गाडीच्या आनंदात माणूस अशा यादीवर सही करून मोकळा होतो. त्या थराचा परिणाम पहिल्या पावसाळ्याबरोबर ओसरला. पुढच्या वर्षी सर्व्हिसिंगच्या वेळी, गाडी जुनी दिसते म्हणून, वर्कशॉपने आपणहून बोनेट आणि छत मशीनने ‘रबिंग’ करून दिले. गाडी हाती आली तेव्हा आरशासारखी चमकत होती. दोन धुलाया झाल्यावर उन्हात पाहिले, तर बोनेटवर वळसे घेत जाणाऱ्या धुरकट पट्ट्या होत्या. वेगाने एकाच दिशेत फिरणाऱ्या रोटरी मशीनवर कंपाउंड, म्हणजे रंग घासणारी जाडसर पेस्ट वापरली, आणि त्यानंतरचा बारीक पॉलिशचा हात फिरवलाच नाही, की अशा पट्ट्या राहतात. आधी त्या दिसल्या नाहीत, कारण पॉलिशमधल्या तेलाने बारीक रेघा तात्पुरत्या भरून निघतात. ते तेल साबणाने निघाले, तेव्हा रेघा उघड्या पडल्या. मला या प्रकाराचा आजही राग आहे. पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण आमच्या गाडीचा न परतणारा थर घासून टाकला.

त्यामुळे २०२४ मध्ये मी सावध होते. पुणे परिसरातल्या वाकड, बाणेर आणि निगडी येथील तीन स्टुडिओंत जाऊन आले. पहिल्या ठिकाणी मला बाटली दाखवली आणि तिच्यावर छापलेला ‘९एच’ हा आकडा समजावून सांगितला: हिऱ्याच्या खालोखालचा कठीणपणा, किल्लीनेसुद्धा ओरखडा पडणार नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. हिऱ्याला १० अंक देणारी मोहस् मापनपट्टी वेगळी. रंगाच्या थरासाठी वापरतात ती पेन्सिल चाचणी. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ४५ अंशांच्या कोनात रंगावरून ढकलतात आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते पाहतात. त्या मालिकेतली अतिशय कठीण पेन्सिल म्हणजे ९एच. पेन्सिलीतले शिसे हे ग्राफाइट आणि चिकणमातीचे असते. नदीच्या वाळूतली गारगोटी मोहस् पट्टीवर ७ भरते, आणि आपल्याकडच्या बांधकामांच्या धुळीत वाळूच वाळू असते. म्हणजे धुळीने माखलेल्या गाडीवर कोरडा फडका फिरवला, तर पेन्सिलीच्या चाचणीत उत्तीर्ण झालेल्या थरावरही चरे पडणारच. शिवाय वाळल्यानंतर या थराची जाडी सर्वसाधारणपणे एक-दोन मायक्रॉनच्या घरात असते. ज्याला किल्ली अडवायची आहे, त्याने या थराकडून ती अपेक्षा ठेवू नये.

दुसऱ्या ठिकाणी ‘आजीवन वॉरंटी’ होती. मी कार्ड मागून वाचले. दर वर्षी त्यांच्याकडेच सशुल्क देखभाल करून घेणे बंधनकारक होते, आणि पाण्याचे डाग, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, दगडांचे टवके आणि ओरखडे वगळलेले होते. हे सगळे वगळल्यावर वॉरंटी नेमकी कशाची उरते, याचे उत्तर तिथल्या काउंटरवर मिळाले नाही.

तिसऱ्या ठिकाणी स्टुडिओचे मालक, पस्तिशीतले गृहस्थ, बाटलीविषयी काहीच बोलले नाहीत. त्यांनी खिशातून छोटे मापक काढले आणि गाडीभोवती फिरत प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी ते टेकवले. रंगाच्या थरांची एकूण जाडी त्यावर मायक्रॉनमध्ये दिसते. दारांवर ११० ते ११८, डिकीवर ११२, आणि उजव्या मागच्या दारावर एकदम २५०. “काका, हे दार पेंट केलंय ना?” असे त्यांनी बाबांना विचारले. केले होते; २०२२ मध्ये सोसायटीच्या फाटकाला घासल्यावर. मग बोनेट. कडांना १०८, मध्यावर ९५, आणि चालकाच्या बाजूला एका जागी ८८. ते मापक तिथेच धरून मला म्हणाले, “ताई, इथे आधी कोणीतरी जोरात घासलंय. इथला क्लिअर कोट किती उरलाय ते हे मशीन सांगत नाही, ते सगळे थर मिळून मोजतं. पण मी इथे कंपाउंड लावणार नाही. दोन चरे राहतील, ते राहू द्या.”

काम त्यांनाच दिले. सगळे चरे घालवून देतो म्हणणाऱ्या दोघांपेक्षा, दोन चरे राहतील असे आधीच सांगणारा माणूस मला विश्वासाचा वाटला. तीन वर्षांसाठीच्या कोटिंगचे २४,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे २८,३२० रुपये झाले. बाबांना ही रक्कम अजिबात पटली नव्हती. ‘पॉलिशला एवढे?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर पुढच्या चार दिवसांत त्यांनी स्वतःच पाहिले, कारण निवृत्त माणसाच्या चिकाटीने ते रोज दुपारी स्टुडिओत जाऊन बसत.

गुरुवारी, ३ ऑक्टोबरला, घटस्थापना आटोपून आम्ही गाडी नेऊन दिली. पहिला दिवस नुसत्या स्वच्छतेत गेला. फेस मारून धुणे, मग दारांच्या खालच्या कडेचे डांबराचे ठिपके विरघळवणे, आणि मग लोखंडाचे कण काढणारा द्रव. हा द्रव फवारल्यावर दोन-तीन मिनिटांत आमच्या निळ्या गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागले. ब्रेकच्या झिजेतून उडणारे लोखंडाचे सूक्ष्म कण तापलेले असतात. ते क्लिअर कोटमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. साबणाने ते निघत नाहीत. या द्रवातले रसायन लोखंडाशी अभिक्रिया करून जांभळे होते आणि कण सुटतात. वास मात्र कुजलेल्या अंड्यासारखा येतो. सर्वाधिक ओघळ छतावर आणि डिकीवर आले, ते पाहून मालकांनी घर कुठे आहे ते विचारले. आम्ही चिंचवडला लोहमार्गाच्या कडेला राहतो. लोणावळ्याची लोकल दिवसभर आमच्या पार्किंगमागून ब्रेक लावत स्थानकात शिरते, हे त्या जांभळ्या रंगाने त्यांना न सांगता समजले होते. त्यानंतर चिकणमातीसारख्या क्लेबारने, भरपूर ओलावा ठेवून, प्रत्येक पत्रा चोळला. प्लास्टिकची पातळ पिशवी हातावर चढवून रंगावरून बोटे फिरवली की खरखर जाणवते. क्लेबारनंतर तीच बोटे काचेवरून घसरावीत तशी घसरली.

दुसरा दिवस आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ पॉलिशची. हाच या सगळ्या कामाचा गाभा आहे, आणि पैसे बहुतांशी याचेच असतात, असे आता मी खात्रीने म्हणेन. कोटिंग पारदर्शक असते. चरे असलेल्या रंगावर ते लावले, तर तेच चरे पुढची काही वर्षे त्याच्याखाली जपले जातात. त्यांनी आधी डिकीच्या कोपऱ्यात दोन वीत जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ फोम पॅड लावून पाहिले. तेवढ्याने भागेना, तेव्हा एक पायरी वर गेले. मशीन रोटरी नव्हते. फिरता फिरता डुलणारे, ज्याला ड्युअल अ‍ॅक्शन म्हणतात ते होते. त्याने उष्णता कमी निर्माण होते आणि पट्ट्या उमटण्याची भीती बरीच कमी होते. कडांवर आणि घड्यांवर, जिथे रंग मुळातच पातळ बसतो, तिथे चिकटपट्टी लावून ठेवली होती. एका दाराला जवळपास पाऊण तास लागला. दुपारच्या चहाला बाबांचा फोन आला आणि ते म्हणाले, “अगं, हा मुलगा आपल्या गाडीच्या एकेका वितीवर बसलाय.” पैशांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

इथे एक गोष्ट प्रत्येकाने आवर्जून मागून घ्यावी असे मला वाटते. पॉलिश झाल्यावर आणि कोटिंग लावण्याआधी गाडी अल्कोहोलयुक्त द्रवाने पुसतात, म्हणजे पॉलिशचे तेल निघून जाते. कोटिंग रंगाला नीट धरावे म्हणून हे करावेच लागते. पण ग्राहकाच्या दृष्टीनेही तोच खरा क्षण असतो, कारण तेलाखाली लपलेले सगळे त्या वेळी उघडे पडते. मी शनिवारी सकाळी त्याच वेळी गेले आणि त्यांच्या हातातल्या दिव्याच्या झोतात सगळी गाडी पाहिली. दारे स्वच्छ होती. पेंट केलेल्या मागच्या दाराचा रंग इतर पत्र्यांपेक्षा किंचित वेगळा आहे, हे दोन वर्षांत प्रथमच दिसले. बोनेटवर ८८ च्या जागेजवळचे ते दोन चरे सांगितल्याप्रमाणे तिथेच होते. २०२२ मध्ये मला कोणी असे पाहू दिले असते, तर त्या धुरकट पट्ट्या तिथल्या तिथे दिसल्या असत्या.

प्रत्यक्ष कोटिंग त्या मानाने लवकर आटोपते. ५० मिलिलिटरची बाटली, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या लहान बाटलीहूनही कमी, आणि तीही पूर्ण संपली नाही. हा द्रव सिलिकॉनच्या संयुगांचे द्रावण असतो. लावल्यावर त्यातला द्रावक उडून जातो आणि उरलेले रेणू हवेतल्या ओलाव्याच्या साहाय्याने एकमेकांत गुंतत जाऊन काचेच्या जातीचा पातळ थर तयार करतात. त्यामुळे हवेत दमटपणा किती आहे याला फार महत्त्व असते. त्या दिवशी बाहेर परतीच्या पावसाची भुरभुर होती. शटर बंद करून एसी लावलेला होता आणि भिंतीवर आर्द्रता दाखवणारे घड्याळ होते. हातातल्या ठोकळ्याला मऊ कापड गुंडाळून त्यावर काही थेंब घ्यायचे, दोन फूट जागेवर आधी उभे, मग आडवे फिरवायचे आणि थांबायचे. मिनिटभरात त्या जागेवर साबणाच्या फुग्यासारखे रंग तरळतात. ते तरळले की पुसायचे. आधी पुसले तर द्रव बसत नाही, उशीर झाला तर काळसर डाग तसाच वाळतो आणि मग तो पॉलिशनेच काढावा लागतो. वापरलेली कापडे त्यांनी धुवायला न ठेवता फेकून दिली, कारण त्यांत मुरलेला द्रव सुकून कडक होतो आणि पुढच्या गाडीवर तेच कापड ओरखडे काढते. बोनेटला आणि छताला दुसरा हात दिला. दारांच्या मुठीमागच्या खोबणीत, जिथे बोटांच्या नखांचे चरे पडतात, तिथे पारदर्शक फिल्मचे तुकडे चिकटवून दिले.

या फिल्मविषयी थोडेच सांगते. पीपीएफ म्हणून जी ओळखली जाते ती पॉलियुरेथेनची फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षाही जाड, आणि द्रुतगती मार्गावर उडणारे खडे तीच अडवू शकते. सगळ्या गाडीला ती लावण्याचा खर्च आम्हाला लाखाच्या पुढे सांगितला गेला. कोटिंग हा तिचा स्वस्त पर्याय आहे असे कोणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. दोघांची कामे वेगळी आहेत.

रविवारी संध्याकाळी गाडी घरी आली. २४ तास पाणी लागू द्यायचे नाही, सात दिवस साबण नाही, अशी सूचना होती, आणि नेमका शनिवारी, १२ तारखेला, दसरा होता. आमच्याकडे दसऱ्याला गाडीच्या बोनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढतात, हळद वाहतात, झेंडूचे तोरण बांधतात. हळदीचा रंग कशाकशावरून निघत नाही हे प्रत्येक घरात ठाऊक असते, आणि तोरणाची सुतळी वाऱ्याने दिवसभर रंगावर घासत राहते. मी आईला भीतभीतच विचारले. तिने फार विचार न करता स्वस्तिक नारळावर काढले, नारळ बोनेटसमोर पाटावर ठेवला, हळद-कुंकू नंबर प्लेटला लावले आणि तोरण बोनेटपुढच्या जाळीऐवजी आतल्या आरशाला बांधले. पूजा यथासांग झाली. गुलाल, ओले कुंकू आणि हळद रंगावर तासन् तास राहू न देणे हे कोटिंग असो वा नसो, केव्हाही चांगलेच.

तिसऱ्या दिवशी डाव्या आरशाखाली तेलकट दिसणारा, पुसूनही न जाणारा बोटभर डाग मला सापडला होता. मी फोटो पाठवला. मालकांनी त्याला हाय स्पॉट म्हणतात, पुसताना राहून गेला, असे सरळ मान्य केले आणि पुढच्या आठवड्यात तेवढी जागा पॉलिश करून पुन्हा कोटिंग लावून दिले. गाडी घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत सकाळच्या तिरप्या उन्हात तिच्याभोवती एक फेरी मारावी, ती याचसाठी.

यापुढचा भाग वर्षभराचा आहे, आणि माझ्या मते स्टुडिओतल्या चार दिवसांपेक्षा महत्त्वाचा आहे. आमच्या सोसायटीत गाड्या धुणारे दादा पहाटे पाचपासून तीसेक गाड्या करतात. एक बादली, एक कापड, आणि घाईची वेळ. पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीच्या बोनेटवर जाते, पण यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. महिन्याला प्रत्येक गाडीमागे जे पैसे आपण देतो, त्यांत यापेक्षा वेगळे होणे शक्यच नाही. मी त्यांना सांगितले की आमची गाडी रोज पुसायची नाही, आठवड्यातून एकदाच धुवायची, आणि पैसे मात्र तेवढेच घ्यायचे. त्यांच्यासाठी दोन बादल्या, मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा आणि पीएच संतुलित शाम्पू आणून ठेवला. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधे पाणी. प्रत्येक पत्र्यानंतर हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची, वरून खाली यायचे, चाके शेवटी आणि वेगळ्या कापडाने. पहिले दोन रविवार मी सोबत उभी राहिले. तिसऱ्या रविवारी साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बसलेला गाळ दादांनीच मला बोलावून दाखवला आणि म्हणाले, “ताई, हे सगळं इतके दिवस गाडीवरच घासत होतो की.”

पाण्याची अडचण याहून मोठी निघाली. पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमधल्या नळाला बोअरचे किंवा टँकरचे पाणी असते. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या, घरातल्या फिल्टरवाल्याकडच्या टीडीएस मीटरने मी मोजले: बोअरचे ६४०, महापालिकेचे ११०. टीडीएस म्हणजे नेमका पाण्याचा कठीणपणा नव्हे, पण अंदाज येतो. अशा पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळल्यावर पांढऱ्या कड्यांच्या रूपात मागे राहतात. कोटिंग असलेल्या गाडीवर ही अडचण कमी होत नाही, उलट थोडी वाढते. साध्या रंगावर पाणी पसरते. कोटिंगवर ते गोल थेंब होऊन उभे राहते, आणि उन्हात उभा थेंब जागच्या जागी आटला की क्षार एकाच ठिकाणी दाट साचतात. टपोऱ्या थेंबांचे जे फोटो सगळे कौतुकाने दाखवतात, त्या थेंबांना दहा मिनिटांत टिपले नाही तर त्यांचेच डाग होतात. म्हणून शेवटचे एक बादली पाणी आम्ही पवना नदीचे, म्हणजे महापालिकेचे वापरतो, नळाला पाणी येते त्या दिवशी भरून ठेवलेले, आणि गाडी लगेच जाड मायक्रोफायबर टॉवेलने न घासता, टेकवून टिपतो. हे काम बाबांनी आपल्याकडे घेतले आहे. पिवळा फडका त्यांनी कोणी न सांगता सोडला.

वर्षभरात काय टिकले आणि काय नाही, तेही लिहिते. पावसाळ्यात चिखल चिकटत नाही असे नाही, चिकटतो. पण नुसत्या पाण्याच्या झोताने त्यातला बराचसा निघून जातो आणि हात लावावा लागतो तो कमी. चकाकी पहिल्या दिवसाइतकी नाही, तरी २०२४ च्या उन्हाळ्याहून फार चांगली आहे. पेट्रोल पंपाच्या त्याच दिव्यांखाली मी पुन्हा पाहिले. डिकीवर आणि चालकाच्या दारावर थोडे बारीक चरे आहेत, जाळे नाही. मुंबईच्या चार फेऱ्यांत बोनेटच्या पुढच्या कडेला खड्यांचे तीन टवके उडाले, त्यात कोटिंगने काहीच केले नाही आणि करणारही नव्हते. एप्रिलमध्ये आम्ही चार दिवस गावी गेलो असताना गाडी रस्त्याकडेच्या उंबराखाली राहिली. रात्री वटवाघळे तिथे फळे खायला येतात. परत आलो तेव्हा छतावर विष्ठेचे वाळलेले ओघळ होते. ओला कपडा ठेवून, भिजवून ते काढले, तरी दोन ठिकाणी रंगात खळगा पडल्यासारखा ठसा राहिला. आम्लधर्मी विष्ठा, वर तापलेला पत्रा, आणि चार दिवस. कोटिंग थोडा अवधी मिळवून देते, एवढाच त्याचा आधार. चार दिवसांचा अवधी त्याच्याकडे नसतो.

कोणी विचारले तर मी सगळ्यांनाच कोटिंग करा असे सांगत नाही. गाडी धुण्याची पद्धत बदलणे शक्य नसेल, तर २८,००० रुपये खर्च करू नयेत. दर तीन-चार महिन्यांनी हाताने चांगले मेण किंवा सीलंट लावावे, ते पुरते. पांढरी गाडी असेल तर चरे फारसे दिसतही नाहीत आणि घाईही नसते. गडद रंगाची नवी गाडी घेणार असाल, तर मात्र डिलिव्हरीच्या आधीच शोरूमला लेखी कळवावे की गाडी पुसू नका, पॉलिश करू नका, फक्त पाणी मारून द्या, आणि तिथून थेट स्टुडिओत न्यावी. नव्या रंगावर पॉलिशचा एक हलका हात पुरतो. आमच्या गाडीला दीड दिवस लागला तो आधीच्या तीन वर्षांच्या फडक्यामुळे आणि त्या एका रबिंगमुळे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टुडिओच्या मालकांकडे वार्षिक तपासणी झाली. त्यांनी लोखंडाचे कण काढले, पाण्याचे डाग सौम्य आम्लाच्या द्रवाने घालवले, सिलिकाचा एक हलका फवारा दिला आणि मापक पुन्हा सगळीकडे टेकवले. दारांचे आकडे मापकाच्या अचूकतेच्या मर्यादेत तेच आहेत, आणि बोनेटवरची ती जागा अजून ८८ वर आहे. छतावरच्या वटवाघळांच्या दोन ठशांवर पॉलिश करायचे का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. वॉरंटी कार्डाच्या मागे दोन्ही वर्षांचे आकडे लिहून ठेवले आहेत, आणि त्याखाली बाबांनी आपल्या अक्षरात एक ओळ जोडली आहे: सर्व्हिसिंगला गाडी देताना ‘पॉलिश व रबिंग करू नये’ असे जॉब कार्डावर लिहून घेणे.